चौथ्या आरतीची चौकट

२९ जून २०१४, रविवार
देवळात एकमताने ठरलं. चोवीस ऑगस्टला डिचोलीच्या घुमट आरती स्पर्धेत आपलं मंडळ उतरणार आणि पहिलं घुमट मी वाजवणार. बाबांच्या जागी. बाबा गेल्यापासून ती जागा रिकामी होती. म्हणजे तिथे गोकुळदास बसायचा, पण मी ती रिकामीच धरतो. घरी सांगितल्यावर सुमंगलेने देवापुढे साखर ठेवली. बायकोला कदर आहे.
संकल्प : रोज एक तास मांडीवर ते मातीचं, चामडं ताणलेलं घुमट. पावसाळा असो, पाहुणे असोत.

६ जुलै
घुमट झालं नाही. त्याहून मोठं काम सुचलं. मंडळात सगळे ऐकून ऐकून गातात. कुणी काय गातं, ते देवळातल्या माउलीलाच ठाऊक. यंदा पाचही आरत्यांचं छापील बुकलेट! लॅपटॉपवर नोटेशनचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. खाली स्वरांच्या रेघा, वर प्रत्येक कडव्याला एक चौकट, चौकटीत शब्द आणि घुमटाचे बोल. शेवटी मी हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतो, शिस्त रक्तातच आहे.
काठ्यांनी शामेळ वाजवणारे सगुणभाऊ म्हणाले, मास्तर, आमका गावंक येता, वाचूंक खंय येता? मी म्हटलं, तिथेच तर घोडं अडलंय.

११ जुलै, स. ६.३०
चौकटींची उंची एकसारखी नाही. शब्द जास्त तिथे चौकट उंच, कमी तिथे बुटकी. पान बघून डोळे दुखले. असलं पान मंडळाला देणार नाही. किरकोळ काम आहे, संध्याकाळपर्यंत आटपेल.

१३ जुलै
आटपलं नाही. मात्र युक्ती सापडली. बुटक्या चौकटीत शब्दांखाली एंटर मारत राहायचं, मग ती आपोआप उंचावते. सगळ्या बरोबरीला आल्या. स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही, म्हणून सुमंगलेला दाखवलं. ती म्हणाली, बरें दिसता, पण घुमटाचां चामडां पावसान ढिलां पडतां, हात तरी लायात. ती ते रोज चुलीजवळ शेकून ठेवते. उद्यापासून वाजवतो असं सांगितलं.

१४ जुलै
फॉण्ट जरा नाजूक केला. सगळे एंटर आपापल्या मर्जीने हलले. पान आता आमच्या वाड्यावरच्या कुंपणासारखं दिसतं.
तालमीला गेलो नाही. मनःस्थिती नव्हती.

२२ जुलै
शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सोनाली मॅडम म्हणाल्या, सर, त्याला कुठेतरी सेटिंग असेल, बघू का? मी हसून नको म्हटलं. काल आलेल्या मुलीने मला सरळ रेघ शिकवायची!
दुपारी गोकुळदास आला. तालमीला पहिलं घुमट नाही, सगळे अडलेत म्हणाला. बाबांचं घुमट त्याला दिलं. तात्पुरतं. बुकलेट झालं की परत. चुलीजवळची जागा सुमंगलेने पुसून घेतली.

३ ऑगस्ट
श्रावण. मासळी नाही, वीज नाही, डोकं चालत नाही. तरी शोध लागला : दोष चौकटीत नाही, शब्दांत आहे! कवीने कडवी कमीजास्त लिहिली, त्याचं खापर सॉफ्टवेअरवर का फोडावं? कडवी कापून सारखी करणार.

९ ऑगस्ट
सगळ्या चौकटी जवळजवळ सारख्या. फक्त चौथी आरती आडवी आली. तिथे 'माउली' शब्द चौथ्या ओळीत पडत होता, तो काढला. शिवाय शेवटी बाबा डाव्या हाताने एक जादा बोल टाकायचे. सम येऊन गेल्यावर, हळूच, उंबऱ्यावर कुणी बोट वाजवावं तसा. तो लिहिला की चौकट पुन्हा वाढते. तोही काढला. बाबांनी समजून घेतलं असतं. त्यांना नीटनेटकेपणा आवडायचा. (खरं तर नव्हता आवडत.)

१० ऑगस्ट
नमुन्याचं पान देवळात नेलं. सगुणभाऊंनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, माउली खंय गेली रे? मी म्हटलं, जागा नव्हती. ते म्हणाले, तिच्याच देवळात बसून सांगतंय, तिका जागा ना? सगळे हसले. हे सगळे अशिक्षित, असं लिहिणार होतो. पण मंडळात दोन इंजिनियर आहेत आणि तेच जास्त हसत होते.

२० ऑगस्ट
सापडलं! सेटिंगमध्ये एक टिकमार्क. एकच. तो काढायचा आणि उंचीचा आकडा टाकायचा. सगळ्या चौकटी क्षणात एका उंचीच्या! पट्टी लावून मोजल्या. डोळे भरून आले.
कापलेले शब्द परत घालायचे होते, पण घालून पुन्हा बिघडलं तर? नको.
पेडण्यात छापायला दिलं. घुमट परवा आणतो.

२३ ऑगस्ट
गोकुळदासकडे घुमट मागायला गेलो. तो म्हणाला, किस्ना, घुमट तुझांच, घे. पण फाल्यां स्पर्धा, तू एकाय तालमीक येवंक ना. तूच सांग. मी म्हटलं, उद्या तू वाजव, मी बुकलेटचं बघतो. जबाबदारी वाटून घ्यावी लागते.

२४ ऑगस्ट, डिचोली
खाणी बंद, त्यामुळे रस्त्यावर खनिजाचे ट्रक नाहीत, वेळेआधी पोचलो. बुकलेटं वाटली. सर्वांनी आदराने घेतली.
सगुणभाऊंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना स्टेजवर बाक दिलं होतं. बाकाचा एक पाय आखूड. शामेळ वाजवला की बाक डुलायचं. कुणीतरी पायाखाली माझी चार बुकलेटं सारली. बाक एका पातळीत आलं. मी समोरून पाहिलं, अगदी बरोबर आलं होतं.
चौथी आरती. माउलीचं नाव सगळ्यांनी पोटातून घेतलं. मग सम आली, गेली, आणि गोकुळदासने डाव्या हाताने तो जादा बोल टाकला. बाबांचा. तसाच, हळूच. मांडीवरच्या बुकलेटांवर माझाही डावा हात पडला, पण उशिरा. मला रडू आलं. शेजारी बसलेल्या सुमंगलेने विचारलं, हें तुमच्या पुस्तकांत आसा? मी नाही म्हटलं.
दुसरा नंबर आला.

२५ ऑगस्ट, सोमवार
चतुर्थीच्या तालमीला गेलो. वेळेवर. गोकुळदासने बाबांचं घुमट माझ्या पुढ्यात ठेवलं. पहिल्याच आरतीत दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा मीच ते त्याच्याकडे सरकवलं.
मला झांज दिली आहे.