चादरींच्या गाडीतली शिंक

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे आठांपैकी तीन अंगं तूर्त वगळली आहेत, तरी पोचला असं समजावं). तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा डोळा आता बरा असेल. इकडे मी, बायको, सगळे ठीक. आई ठीक आहे असं लिहायला मात्र हात धजत नाही, आणि पत्राचं कारण तेच आहे.

तुम्ही पाठवलेले पास मिळाले. वकिलातीतल्या माणसांच्या सुटकेचा सिनेमा, तोही आपल्या मामांवर, म्हणून आई, आम्ही दोघं आणि खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर (एक पास उरला होता आणि माझी दाढ सध्या त्यांच्या ताब्यात आहे) असे थाटात गेलो. 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी आली तशी आईने चष्मा पुसला. ती सत्य घटना मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलोय. तुम्ही परदेशी वकिलातीत नोकरीला होतात, तिथलं सरकार उलथलं, वकिलातीला सैनिकांनी घेरलं. मामी माहेरी म्हणून तुमचं घर सांभाळायला गेलेली आई तिथेच अडकली. मग इस्पितळाचे कपडे धुणाऱ्या गाडीत, मळक्या चादरींखाली तुम्हा सगळ्यांना दडपून, आपण लाँड्रीची मालकीण बनून ती ड्रायव्हरशेजारी बसली. पुलावरच्या नाक्यावर गाडी अडवली. कोणी हूं की चूं करायचं नाही असं ठरलेलं. आणि तुम्ही शिंकलात.

पुढे जे झालं ते फक्त आपल्याच घरात होऊ शकतं. धाकट्याची शिंक ऐकून आईला गप्प बसता येत नाही, समोर बंदुका असल्या तरी. ती उतरली, मागचं दार स्वतःच उघडलं, कान धरून तुम्हाला खाली ओढलं आणि मफलर का घातला नाहीस यावरून भर नाक्यावर तुमची बिनपाण्याने केली. सैनिकांना भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण विषय कळला. एकजण तर म्हणे नकळत आपल्या शर्टाचं वरचं बटण लावू लागला. कामचुकार नोकर मालकिणीच्या तावडीत सापडलाय, आपला नंबर लागायच्या आत ही बाई गेलेली बरी, असं ठरवून त्यांनी अडसर वर केला. तुम्हाला परत आत कोंबून आई पुढे जाऊन बसली. चादरींना कोणी हातही लावला नाही.

सिनेमात मात्र मध्यंतराच्या आधीच तुम्ही (म्हणजे तो दंड फुगवलेला नट) नाक्यावर उडी घेता, अख्खी पलटण लोळवता आणि गाडी तुटक्या पुलावरून उडवता. शिंक नाही, मफलर नाही. आई आहे, पण मागे कोपऱ्यात मुसमुसत बसलेली. नायक तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "ताई, रडू नकोस, मी आहे ना."

इथे आई उभी राहिली. "मी रडले नव्हते," ती पडद्याला म्हणाली, "आणि हा शिंकला होता." मागून बसा बसा झालं. बॅटरीवाला आला, तर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारू नये यावर त्यालाच ऐकून घ्यावं लागलं. तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर समजूतदार निघाला. आम्हाला आपल्या खोलीत नेऊन त्याने चहा मागवला. चूक एवढीच केली, की मग खरं काय झालं होतं, असं विचारलं. मध्यंतरात बाहेर आलेले लोक त्या खोलीच्या दाराशीच थबकले. सिनेमा पुन्हा सुरू झाला तेव्हा आत दाताचे डॉक्टर आणि एक-दोन जोडपी एवढेच उरले होते (उरलेल्या अर्ध्या भागात तुम्ही आणखी कोणाला सोडवता, ते त्यांनाच ठाऊक).

हसू नका, मामा. त्या दिवसापासून आई कोणालाच रागावलेली नाही. मी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला. तिने तो उचलून दोरीवर टाकला. रविवारी तुमचा फोन वाजला की ती गॅलरीत जाऊन उभी राहते. मला खरंच भीती वाटते. बंदुकांसमोर तिने तुमचा कान सोडला नव्हता, आणि आता सिनेमातल्या एका वाक्यावरून तुम्हालाच सोडते की काय, असं वाटतं.

मामीला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. सिनेमा छान आहे, हे लिहायचं राहिलं. पुलाला खर्च बराच आला असणार.

आणखी ता. क. खरं काम असं, की तुम्ही स्वतः या. फोन नको, खुलासा नको. दारात उभं राहून फक्त एकदा शिंका. बाकीचं आई बघेल.

शेवटचा ता. क. पत्र टेबलावर उघडं टाकून हा दाढ दाखवायला गेलाय, म्हणून मी लिहितेय. याला काही कळत नाही. मी रडले होते. पूल मागे पडल्यावर, तू चादरींत घोरत होतास तेव्हा. ड्रायव्हरनेसुद्धा पाहिलं नाही, मी तोंड खिडकीकडे केलं होतं. मग त्या सिनेमावाल्याला कोणी सांगितलं? जागा होतास, तर तेव्हाच हाक मारायची होतीस. ये आता. मफलर घालून ये.