लांब गोळी, तीच दारू

त्या सकाळी मी शेगडीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे घातले आणि आर्विडच्या थर्मासमध्ये कॉफी ओतली. तो हरणाच्या शिकारीला निघाला होता. नऊच्या सुमारास रायफल त्याच्याच तोंडाशी फुटली आणि माझा नवरा गेला.

मी, लोर्ना हाउगेन, वय एकाहत्तर, राहणार बेंट क्रीक, मोंटाना, पूर्ण शुद्धीत आणि कोणी न सांगता हे लिहिते. आधीचे मृत्युपत्र रद्द. त्यात दिराचे नाव होते.

घर बहीण एडना हिला. छप्पर उत्तरेकडून गळते, तिने बघून घ्यावे.

काडतुसे भरण्याचे टेबल, यंत्र व तराजू धाकटा दीर व्हर्लिन याला मिळू नये. तो गावभर सांगतो, म्हाताऱ्याचा हात थरथरला, काडतुसात बंदुकीची दारू जास्त पडली. आर्विडने चाळीस वर्षे शिशाच्याच गोळ्या भरल्या आणि प्रत्येक डबीत स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी ठेवली. त्या सकाळी त्याने नेलेल्या डबीत चिठ्ठी नव्हती. गोळ्याही नव्या, सबंध तांब्याच्या होत्या.

मी आर्विडचे काडतुसे भरण्याचे पुस्तक वाचले. जुनी आणि नवी गोळी शेजारी ठेवून मापली. वजन एकच, पण तांबे शिशाहून हलके, म्हणून नवी लांब. ती काडतुसाच्या पितळी नळीत खोल बसते, दारूला जागा उरत नाही, दाब वाढतो. तिला दारूचे माप वेगळे लागते.

व्हर्लिनला बोलावून विचारले.

“वहिनी, पुस्तकं वाचून कोणी शिकारी होत नाही,” तो म्हणाला. “वजन तेवढंच, म्हणून दारूही जुन्या गोळीएवढीच घातली होती. कणभर जास्त नाही.”

“मग हात कुणाचा थरथरला? आणि मापताना तू होतास का तिथे?”

तो टोपी फिरवत बसला. “कॉफी गार होतेय,” एवढेच म्हणाला.

टेबल त्याची मुलगी, माझी पुतणी सिग्रिड हिला. ती बापाने भरलेली काडतुसे घेऊनच शिकारीला जाते, तोच मला घोर होता. व्हर्लिनशी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, तिच्याकडची अकरा तांब्याची काडतुसे मागून घेतली आणि तिच्यासमोर एकेक उघडून दारू तोलली. प्रत्येकात शिशाच्या जुन्या गोळीचेच माप निघाले.

सही: लोर्ना हाउगेन
साक्षीदार: मॉड टॉलेफसन, शेजारीण; रूबेन स्ट्रँड, निवृत्त पोस्टमन
बेंट क्रीक, १९ नोव्हेंबर २०१८