समुद्राची बाजू

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
शनिवार

प्रिय स्वानंदी,

गेल्या रविवारी फोनवर तू अगदी सहज सांगून टाकलंस, की टेक्सासच्या त्या कामाला तू नकार कळवणार आहेस, आणि लगेच मुलाच्या दहावीवर घसरलीस. मीही हो हो करत ऐकून घेतलं. त्याला आज सहा दिवस झाले, मला एका जागी बसवत नाहीये. घरातले सगळे ड्रॉवर आवरून झाले. ऑफिसात कॉफी आणायला म्हणून उठते, पार्किंगला दोन चकरा मारते आणि कॉफी न घेताच परत येते. निमिष म्हणतो, पायाला भिंगरी लागलीय तुझ्या, बस ना यार जरा. आत्ता आन्याचा स्विमिंग क्लास चाललाय आणि मी बाहेर गाडीत बसलेय, स्टिअरिंगवर वही टेकवून. हाताने लिहून फोटो पाठवणार आहे. टाइप करायला बसले की मी सारखी खोडत बसते, आणि हे खोडायचं नाही असं ठरवलंय.

ते काम तू नाकारू नयेस म्हणून हे पत्र आहे, हे आधीच सांगते. उगाच आडपडदा नको. अगं, जपानात आपण जिच्या चाचण्या केल्या त्याच बुलेट ट्रेनची अमेरिकन आवृत्ती करतायत ते लोक. इथे तसे अरुंद बोगदे नाहीत म्हणून नाक आखूड करणार, माणसं आडवी म्हणून सीट रुंद करणार, टेक्सासच्या उन्हासाठी एसी दुप्पट करणार. आणि ती हलवून, पळवून, थांबवून पाहायला चाचणीप्रमुख म्हणून त्यांना तू हवी आहेस. पुण्यातून हुडकून काढलं त्यांनी तुला! आणि तू म्हणतेस, माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही, मी शिकवतेय तेच बरं.

तुला तो पहिला हिवाळा आठवतो का? उत्तर जपानातलं ते एवढंसं गाव, गुडघाभर बर्फ, आणि आपण दोघी मिसो सूपमध्ये आमसूल घालून त्याला आमटी म्हणत होतो. नाकावरून केवढी भांडणं व्हायची त्या मीटिंगांत! बोगद्यात गाडी शिरली की पुढची हवा दाबली जाते आणि दुसऱ्या तोंडाशी धडाम आवाज होतो, तिथल्या घरांच्या खिडक्या थरथरतात, म्हणून नाक लांब हवं. नाक लांब केलं की पहिल्या डब्यातल्या सीट जातात. कधी अर्धा मीटर वाढवला, कधी परत काढला. आपल्याकडे मात्र डबा हलू न देण्याचं काम होतं. डबा एकीकडे कलायला लागला की सेन्सरने सांगायचं आणि खालच्या दांड्याने त्याला उलट बाजूला ढकलायचं. टेबलावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवून तू त्याच्याकडे अशी टक लावून बसायचीस, जसं काही दूध उतू जातंय.

आणि बाजूंची ती गंमत. गाडी दोन्हीकडे धावते, वळत नाही, त्यामुळे डावं-उजवं म्हणायची सोयच नाही. म्हणून आपल्या टीममध्ये समुद्राची बाजू आणि डोंगराची बाजू. शेडच्या एका भिंतीवर निळी पाटी, समोरच्या भिंतीवर हिरवी. सेन्सरवरचा बाण समुद्राकडे हवा. एकीने बसवायचा, दुसरीने त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्यांदा म्हणायचं, आणि मगच कागदावर शिक्का. पहिले काही दिवस आपल्याला हसू आवरेना. शाळेच्या कवायतीसारखं काय बोट दाखवून ओरडायचं! मग आपण ते मराठीतच ओरडायला लागलो, ‘बाण समुद्राकडे, बरोबर!’ आपले प्रमुख साइतो-सान जाता जाता ‘बारोबारु’ म्हणायचे, आणि तू त्यांचा उच्चार सुधारायचीस, अगदी पुणेरी चिकाटीने.

मग तो मार्चमधला दिवस. तुला तो मिनिटामिनिटाने पाठ आहे, मला माहितीये. सकाळी मी चार सेन्सर बसवले, तू चारही तपासलेस, कागदावर तुझा लाल शिक्का उमटला. दुपारी गाडी निघाली. सगळा वेग घेतल्यावर डबा शांत व्हायच्या ऐवजी झुलायला लागला, आणि सावरायच्या ऐवजी जास्तच. चालू यंत्रणा बंद करेपर्यंत साइतो-सान उभ्याचे आडवे झाले होते आणि त्यांचं मनगट मोडलं होतं. परत आल्यावर उघडून बघितलं तर चौथ्या सेन्सरचा बाण डोंगराकडे. दांडा डब्याला सावरत नव्हता, आणखी ढकलत होता. तू त्या बाणाकडे बघत राहिलीस. 

त्यांच्याकडची ती चिठ्ठीची पद्धत, की ज्याच्या हातून चुकलं त्याने स्वतःच लिहायचं. तू त्याच संध्याकाळी लिहिलीस. ‘मी बोट दाखवलं, मोठ्यांदा म्हटलं, पण पाहिलं नाही.’ दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ती वाचली, आणि सगळ्यांनी तुझे आभार मानले. रागावलं कोणीच नाही. हाताला प्लास्टर घालून साइतो-सान उभे राहिले आणि तुला वाकून नमस्कार केला. तू मला नंतर म्हणालीस, कोणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी बरं झालं असतं. चाचण्या दोन महिने थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या, पण तू डब्यापाशी येईनाशी झालीस. पावसाळ्याच्या आधी पुण्याला परत गेलीस. आता तू गॅस बंद केला का ते तीन-तीनदा उठून बघतेस, हे मला तुझ्या नवऱ्याने सांगितलंय. हसत हसत सांगितलं त्याने. मला नाही हसता आलं.

आता तुला माहीत नाही ते. स्वानंदी, तू पाहिलं होतंस. तू बोट दाखवलंस तेव्हा चौथा बाण समुद्राकडेच होता.

तुझा शिक्का झाल्यावर तू जेवायला गेलीस. मी हत्यारं गोळा करत होते. चौथ्याचा स्क्रू मला ढिला वाटला. मी सेन्सर काढला, खालची पट्टी नीट बसवली, सेन्सर परत लावला. दोन मिनिटांचं काम. नियम तुलाही माहीत आहे, शिक्क्यानंतर हात लागला की सगळी तपासणी पहिल्यापासून. पण तुला जेवणावरून उठवायचं, नवा कागद आणायचा, जपानीत कारण लिहायचं, कुठे ही उस्तवार, असं वाटलं मला. आणि लावताना मी पाटी बघितली नाही. मी उत्तरेकडे तोंड करून उभी होते आणि माझ्या हाताने समुद्र डावीकडे धरला. मी रत्नागिरीची. मुंबईकडे तोंड केलं की समुद्र डाव्या हाताला, हे मला धड चालता यायच्या आधीपासून माहीत. तिथे तो उजवीकडे होता, हे मला दोन वर्षं राहूनही डोक्याने कळत होतं, हाताला कळलं नव्हतं. तू पुण्याची, तुला समुद्र कुठल्याच बाजूला नाही, म्हणून तू दर वेळी मान वर करून पाटी बघायचीस. मी त्यावरून तुला किती चिडवलंय.

डबा झुलायला लागला त्या क्षणीच मला कळलं होतं. आणि तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. माझं कंत्राट एप्रिलमध्ये संपत होतं, ते वाढवून हवं होतं, हे एक कारण. भीती, हे दुसरं आणि खरं. तिथे कोणी केलं असं कोणी विचारतच नाही, कसं झालं एवढंच विचारतात. लपायला याहून बरी जागा मला कुठे मिळणार होती? तू चिठ्ठी लिहायला बसलीस तेव्हा मी तुला चहा करून दिला. तुझं एक जपानी वाक्य चुकलं होतं, तेसुद्धा मी दुरुस्त करून दिलं. बघ कशी आहे तुझी मैत्रीण.

इतकी वर्षं मी स्वतःला काय काय सांगितलं. की तुला घरची ओढ लागलीच होती, तू गेलीच असतीस. की तुझं शिकवण्यात छान चाललंय, मुलं तुझं नाव काढतात. सगळ्या थापा. तू त्या गाडीवर जीव टाकायचीस. ती रुळांवर आली, लोकांना घेऊन धावायला लागली, तो व्हिडिओ मी तुला पाठवला तेव्हा तू नुसता अंगठा पाठवलास. मी इथल्या ट्रेनमध्ये बसून त्या अंगठ्याकडे बघत होते आणि माझं स्टेशन मागे गेलं.

आन्या आली. ओले केस घेऊन मागे बसलीये आणि व्हाय आर यू क्राइंग विचारतेय. तिला म्हटलं, मावशीला पत्र लिहितेय. दोन मिनिटं थांब.

हे आजच का लिहिते, तेही ऐक. मंगळवारी त्या टेक्सासच्या कंपनीतून मला फोन आला. तू नाही म्हणालीस तर यादीत दुसरं नाव माझं आहे. पाच वर्षं मी इथे स्क्रीनवरच्या आकड्यांशी खेळतेय, गाडीला हात लावायला जीव तरसलाय माझा, आणि मला ते काम हवं होतं, स्वानंदी, फार हवं होतं. तीन दिवस मी तुझ्या नकाराची वाट बघितली. निमिषने टेक्सासला शुगर लँडमधली घरं बघायला सुरुवात केली आणि मी त्याला थांबवलं नाही. काल ऑफिसात बसून मी सगळं लिहून काढलं, स्क्रू, पाटी, शिक्क्यानंतरचा हात, सगळं, आणि त्या कंपनीला आणि साइतो-सानांना पाठवून दिलं. तासाभरात साइतो-सानांचं उत्तर आलं, लिहिल्याबद्दल आभार मानलेत. ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तू सात वर्षं काय घेऊन राहिलीस ते मला काल कळलं. आता माझं नाव त्यांच्या यादीत आहे की नाही ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तुझं उत्तर त्यांना येत्या शुक्रवारपर्यंत हवंय. माझा फोन उचलू नकोस, पत्राला उत्तर देऊ नकोस, आयुष्यात परत बोलू नकोस, तुझा हक्क आहे तो. पण त्यांना हो म्हण. मला नाही म्हणालीस तरी चालेल.

अजून म्हणू देणार असलीस तर तुझीच,
राधिका