जळतं घर

आई, आज तुझ्याशी भांडायला बसलेय. तू गेलीस, सुटलीस, आणि हा माणूस माझ्या गळ्यात टाकून गेलीस. बाबांनी मंगळवारी घर पेटवलं. घाबरू नकोस, आहेत ते. आत रेडिओ लावून बसलेत, उजव्या हाताला पट्टी आहे. स्वयंपाकघराचा पडदा गेला, वरचं कपाट काळं झालं, आणि माठातल्या पाण्यालासुद्धा अजून धुराचा वास येतो.

तुझ्याकडे जळण्याचे किती प्रकार होते गं! दहावीच्या अभ्यासाच्या नादात मी एकदा दूध गॅसवर विसरले आणि "आई, दूध जळलं" म्हणून ओरडले, तर पातेलं घासायला लावायच्या आधी तू माझी शिकवणीच घेतलीस. दूध जळत नाही, लागतं. भाकरी करपते. फोडणी जळते. जीभ पोळते, हात भाजतो. "आणि तुझ्यापायी माझा जीव जळतो," असं म्हणून पाठीत धपाटा. शेजारणीनं नवा फ्रिज घेतला की "आपण कशाला जळा?" म्हणायचीस आणि पुढे दोन दिवस जळत राहायचीस. वीज गेली, टँकर आला नाही, गिरीज गावच्या केळीवालीनं भाव वाढवला, सगळ्याला तुझं एकच: जळ्ळं मेलं लक्षण! बाबा हसायचे. ते वसईच्या कारखान्यात बॉयलरवर होते, जन्मभर आगीशेजारी उभा राहिलेला माणूस, पण त्यांच्या अंगावर कधी साधा फोड आला नाही. पहिली पाळी संपवून चार वाजता घरी यायचे आणि तुला उठू न देता चहा टाकायचे. स्वयंपाकघरातलं तेवढं एकच काम त्यांना यायचं, तेही धड नाही. चहा उकळून उकळून कडू व्हायचा आणि तू नाक मुरडत प्यायचीस.

तो चहा ते अजून रोज टाकतात. दोन कप, एक तुझा. तू नाहीस हे सकाळी त्यांना माहीत असतं, दुपारपर्यंत विसरतात. आधी नुसतं पातेलं जळायचं. मग एकदा गॅस सोडला आणि पेटवायचाच राहिला. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी सिलिंडरचा रेग्युलेटर काढायचा आणि पर्समध्ये घालून ऑफिसला न्यायचा, असं सुरू केलं. जेवायच्या सुट्टीत पर्समधून डबा काढताना तो टेबलावर पडला, तेव्हा मैत्रिणी हसल्या. मीही हसले. म्हटलं, मिटली एकदाची कटकट.

कसली मिटतेय! त्यांनी माळ्यावरून तुझा वातीचा स्टोव्ह काढला. रेशनचं रॉकेल डब्याच्या तळाशी उरलं होतं, ते ओतलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. मी घरी पोचते तर जिन्यात पाणीच पाणी, बादल्या घेऊन माणसं उभी, आणि बाबा खाली कट्ट्यावर बसलेले, हाताला ओलं फडकं. मला बघून म्हणाले, "चहा राहिला गं."

त्या दिवशी दार उघडून त्यांना बाहेर ओढलं ते काकूंनीच. पण परवा त्यांनीच मला समोर बसवून सांगितलं, "बाबांना सांभाळायला दिवसभराची बाई मिळेल ही आशा सोड आता. आल्या, बघून गेल्या, परत फिरकल्या का? जळतं घर भाड्यानं कोण घेणार, पोरी? आणि आमचीही लेकरंबाळं आहेत या बिल्डिंगमध्ये." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग काय नोकरी सोडू? आणि खाऊ काय, धूर?" असं ताडकन बोलून गेले. त्यांनी माझ्या पाठीवरून नुसता हात फिरवला, तेव्हा मला हुंदका आवरेना.

विरारच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे. जागा आहे म्हणाले. उद्या रविवारी बाबांना तिथे सोडायचंय. त्यांचे कपडे, गोळ्या, दाढीचं सामान, सगळं एका पिशवीत भरलंय, फक्त त्यांना सांगितलेलं नाही. कसं सांगू आई? सांग ना, कसं सांगू? आतून नुसती होरपळतेय. कधी वाटतं, तू दिवसभर घरात असायचीस, तुला काय कळणार माझं. आणि मग वाटतं, तू असतीस तर हे झालंच नसतं. काय करू मी? कुणाला विचारू?

आज ऑफिसला सुट्टी. चार वाजता सांगायचं असं ठरवलं. रेग्युलेटर लावला आणि त्यांना म्हटलं, टाका चहा, मी इथेच उभी आहे. एका हातानं त्यांनी सगळं केलं, आलं ठेचलं, साखर सांडली, पुन्हा गोळा केली. मी मनातल्या मनात वाक्य जुळवतेय. ते चहा गाळतात, एक कप माझ्यापुढे सरकवतात, दाराकडे बघतात आणि अगदी हळू आवाजात म्हणतात, "पटकन पी. पोरगी यायच्या आत. परवा ती शेजारी बोलत होती, मी ऐकलं. तिला कळलं तर ती मला घालवून देईल. तू नको हं सांगूस."

एवढे घाबरलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते, आणि ते मला घाबरले होते. मी तो कडू चहा एका दमात प्यायले, तोंड पोळलं तरी. आणि म्हटलं, "नाही सांगत हो मी तिला. तुम्ही काळजी नका करू, अहो." जन्मदात्या बापाला मी 'अहो' म्हणाले, आई. लगेच त्यांचा चेहरा उजळला.

हे लिहून झालं की फाडून टाकीन. त्यांना वाचता अजून नीट येतं. पिशवी मात्र दारामागे आहे तशीच भरलेली आहे.