मालकाच्या रकान्यात माझं नाव

१४ जून ८७
शेवंतीच्या चारही कुंड्या भरल्या. चारकोपच्या मातीला खार, म्हणून लाल माती गोणीतून आणली. कुजका पाला, मूठभर निंबोळी पेंड. दाराशी दीड हात जागा, त्यात बसल्या.
मुळं सांताक्रूझच्या बंगल्यावरची. तीस वर्षं माळी होतो तिथे. मला रिटायर केलं त्याच आठवड्यात बाईसाहेबांनी बाग उखडली, गॅरेज बांधायला. शेवंतीचे गड्डे ढिगाऱ्यावर. विचारलं, नेऊ का? "ने, कचराच आहे." आणला कचरा.
रोजचं लिहायची सवय पण तिथलीच. ती वही त्यांची होती. ही माझी.

२ ऑगस्ट
पाऊस थांबायचं नाव नाही. कुंड्या विटांवर चढवल्या. तरी एक गेली, मूळ सडलं. तीन उरल्या. शेंडे खुडले. शेजारी म्हणतो, वाढतंय ते तोडता कशाला? म्हटलं, नुसतं उंच करायचं नाहीये.

११ ऑक्टो.
अंधेरीला डिसेंबरात फुलांचं प्रदर्शन. फॉर्म आणला. दोन रकाने: मालक, माळी. बंगल्याच्या नावाने दर वर्षी भरलाय हा फॉर्म. वर साहेब, खाली मी. कप त्यांच्या दिवाणखान्यात. मला टॉवेल.
आज वर लिहिलं दत्ताराम शिवा घाडी. खाली पण तेच.
टेबलावरचा म्हणाला, "काका, दोन्हीकडे एकच माणूस?"
"झाड माझं, हात पण माझेच. मग कोणाचं लिहू?"
हसला. शिक्का मारला.

८ नोव्हें.
कळ्या खुडल्या. एका फांदीला एकच ठेवली. एका कुंडीवर मावा आलाय. पानं उलटून बोटाने पुसली, दोन तास गेले. पाठ दुखते. दुखू दे.

२२ नोव्हें.
बाईसाहेब आल्या. गाडी गल्लीत शिरेना म्हणून चालत. हिने चहा टाकला, त्यांनी घेतला नाही. फॉर्मचं कोणीतरी कळवलं असणार.
"दत्ताराम, ही आमच्याकडची शेवंती. मालकात साहेबांचं नाव घाल. माळ्याचं बक्षीस तुला मिळेलच ना."
"तुम्ही कचरा म्हणालात, बाईसाहेब."
"मला शब्दात पकडतोस?"
निघताना दारात वळल्या. "वसंताचं डिसेंबरात आहे ना?"
एवढंच बोलल्या.
वसंता, माझा मुलगा, साहेबांच्याच कारखान्यात. दोन वर्षं टेम्पररी. डिसेंबरात पर्मनंट करतो म्हणालेत.
ही म्हणाली, "कित्याक त्यांच्या वाटेक जातास? झिलाची नोकरी तेंच्या हातात आसा. नाव काय जेवूक घालता?"
वसंता कामावरून आल्यावर त्याला सांगितलं. आजवर कधी आवाज चढवला नव्हता. "बाबा, एका फुलासाठी माझी वाट लावणार तुम्ही?"
"फुलासाठी नाही रे..."


२९ नोव्हें.
आठवडा झाला, वसंता बोलत नाही. त्याचं लग्न जमवायचंय, नोकरी पक्की नसेल तर... मीच माती करतोय का त्याची? आज ठरवलं, जाऊन नाव बदलून येतो. चप्पल घातली. कुंडीशी थांबलो. मधल्या फुलाच्या पाकळ्या सुटायला लागल्यात. पिवळ्याधमक, आत वळलेल्या. बंगल्यावर एवढं भरलेलं कधी आलं नव्हतं.
चप्पल काढली. मागे दारात वसंता बघत उभा होता.

१२ डिसें.
सकाळी कुंडी उचलायला वाकलो तर समोरून वसंताचे हात.
"सोडा बाबा, कंबर धरेल."
"कामावर?"
"रजा टाकली."
"साहेब असतील तिथे."
"असू दे ना."
परीक्षक आमच्या कुंडीशी दोनदा थांबले. एकाने वाकून फूल बघितलं. मग बाईसाहेबांनी तक्रारीचा अर्ज दिला. झाड बंगल्यातलं, मालक साहेब. कमिटीचा माणूस कोरा कागद आणि डिंक घेऊन आला. म्हणे, निकालापर्यंत कार्डावरचं नाव झाकू. तीस वर्षांची सवय, साहेब समोर असले की मान खाली.
वसंता आडवा झाला. "कागद लावायचा नाही. झाड माझ्या बापाचं आहे."
साहेबांच्या तोंडावर बोलला. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मी पण.
कागद लागला नाही.

१३ डिसें., रविवार
निकाल राखून ठेवलाय. उद्या कमिटी बसणार. उद्याच वसंताला मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलंय. कशाला ते सांगितलं नाही. वसंता म्हणतो, "काढलं तर काढलं, बाबा. दुसरीकडे बघू."
ही कालपासून दोघांशी बोलत नव्हती. सकाळी बघतो तर ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. "चला."
प्रदर्शनात मरणाची गर्दी. आमच्या कुंडीशी एक बाई कार्ड वाचत होत्या. इकडे तिकडे बघून विचारलं, "हे मालक कोण?"
मी पुढे होणार, तेवढ्यात ही मोठ्याने, "मालक? हे काय, हे उभे आसत!"
माझा दंड धरून मला पुढे काढलं. साहेबांची गाडी दाराशी लागत होती. हिने दंड सोडला नाही.