टीव्हीवर जळणारा मावशीचा राब

२ मे, कळंब
निघालो होतो माथेरानला, घोडेवाल्याकडे काम विचारायला. वाटेत मावशीकडे शिरलो तो इथेच. आज तिचा राब भाजला. भात पेरायच्या तुकड्यावर शेण, टहाळ, पाचोळा, वर माती, मग वारा बघून काडी. कडेला मावशी ओली डहाळी घेऊन उभी, आग बाहेर जाऊ नये म्हणून. धूर डोंगराच्या अंगाला जाऊन बसला. भारी दिसत होतं. व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला. डोळे अजून चुरचुरतायत.

६ मे
सीमेवर पेटलंय. मावशीचा विशाल तिकडेच, फौजेत. फोन लागत नाही. टीव्ही बंदच होत नाही. सारखा सायरन, तो पण चॅनलवाल्यांनीच लावलेला. मावशी भाकरी पुढ्यात घेऊन बसते, खात नाही. मी बघणार नव्हतो. दुपार गेली बघण्यात.

७ मे
डोकं सटकलंय. ‘चौकीजवळचं आपलं गाव जळालं’ म्हणून जे दाखवतायत तो माझा व्हिडिओ! कुणी उचलला देव जाणे. कडा कापल्यात, किंकाळ्या घातल्यात.
म्हटलं, "मावशे, हा तुझाच राब. डोंगर बघ की."
"डोंगर तिकडं नसतात व्हय रं?"
"आणि ही डहाळीवाली? तूच हायस ती!"
तिने पदर तोंडाला लावला. "कुणाची तरी आयच असंल बिचारी."


८ मे
गावच्या ग्रुपवर मूळ व्हिडिओ टाकला. वाटलं, मिटलं. कसलं काय. सरपंचाचा पुतण्या : "आजकाल मोबाईलवर कायपण बनवता येतं. तूच बनवलास." दुसरा : "चॅनलवाले येडे आन तू शाना?" तिसरा सरळ, "तू नक्की कुणाच्या बाजूचा रं?" मग मला काढूनच टाकलं.
बाळूदादाकडे गेलो. शेजारचाच, राबाला टहाळ त्यानेच तोडून दिला. व्हिडिओत मागे उकिडवा बसलेला तोच. म्हटलं, तू तरी सांग लोकांना.
"हाय मीच. पन आता कशाला बोलायचं? सगळी तापल्यात."
चॅनलला मेसेज केला. लगेच उत्तर : आमच्यासोबत राहा, पाहत राहा.
शिवी लिहून खोडली.

१० मे
विशालचा फोन आला!! स्पीकरवर ठेवला.
"आये, मी बरा हाय गं. आमच्याकडं कायबी जळालं नाय. आत्ताच जेवलो."
मला इतकं हलकं वाटलं, अंगणात जाऊन उगाच कोंबड्या पळवल्या. आत आलो, भाकरी तशीच.
"आता काय झालं? बोलला ना तो?"
"शेजारी सायेब उभा असंल. खरं कसं सांगंल त्यो?"
टीव्हीचा आवाज वाढवला तिने. पोटच्या पोराचं खोटं, आणि ह्या चॅनलवाल्यांचं खरं!

११ मे
सकाळीच मावशीने माझा मोबाईल मागितला. "तुझा त्यो व्हिडिओ लाव. टीव्हीवाला लई पळतो."
लावला. थांबव म्हणाली. नाक स्क्रीनला.
"ह्यो धुरामागं बसलाय त्यो कोन?"
"बाळूदादा."
"नाय रं. खांदे बघ. माझा इशाल हाय."
ती मोबाईल सोडत नाही. चार्जिंग संपत आलंय, चार्जर शोधतोय.