भेंडीला पडलेलं एक मत

गास, ८ डिसेंबर

प्रिय जीनाबाय,

ईस्टरनंतर तुला चार ओळीही लिहिल्या नाहीत, त्याबद्दल आधी माफी मागतो. (रोजनिशी मात्र रोज लिहितो, म्हणजे वेळ नव्हता हे कारण मलाच पटत नाही.) नाशिकची थंडी तुला मानवत असेल आणि भावोजींचा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. आम्ही देवाच्या दयेने ठीक आहोत, पण गाव आमच्याशी ठीक नाही, आणि आमच्या थोरल्या मेलरॉयचं लग्न जानेवारीवर आलंय.

तुला ठाऊकच आहे, आपला मतदारसंघ कितीदा कापला, कितीदा जोडला, आमदार आले आणि गेले; पण शाळेतली आपल्या गावची मतदानाची खोली कधी फुटली नाही. रविवारची मिस्सा झाली की क्रुसापाशी बैठक व्हायची, प्लासिडकाका निशाणी सांगायचे, आणि मतपेटीतून तीच निघायची. आपला माणूस निवडून यायचा असं नाही, बहुतेकदा पडायचाच. पण आपण एकजुटीने पडायचो, याचा गावाला केवढा अभिमान! टँकरच्या पाण्यावरून बहिष्कार घातला त्या वर्षी आपण मतदान अधिकाऱ्यांना पोटभर जेवू घातलं, मत मात्र एकही घातलं नाही.

यंदा काकांनी बॅट सांगितली. शेजारच्या काळूरामचा थोरला अल्पेश बॅटतर्फे मतमोजणीला बसला होता, तो तोंड पाडून परतला. आपल्या खोलीतली सगळी मतं बॅटला, आणि एक भेंडीला. बॅट पडली, त्याचं कुणालाच काही नाही. भेंडीचं ते एक मत कुणाचं, यावर गावाचं जेवण थांबलंय.

संशय आला आपल्या घरावर. भेंडीवाला उमेदवार प्रचाराला आला तेव्हा सारं गाव दारं लावून बसलं होतं आणि मी त्याला ओट्यावर बसवून घरी केळं सुकवून केलेली सुकेळी खायला दिली. (उन्हातून आलेल्या माणसाला तसंच परतवणं बरं नव्हे, असं वाटलं. आता वाटतं, पाण्यावर भागलं असतं.) अँजेलिनाकाकूने कुंपणावरून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत त्या एका सुकेळीचा घड झाला. काकांनी क्रुसापाशी जाहीर केलं, भेंडीला मत देणारा कबूल होईपर्यंत आपल्या मांडवात कुणी पाऊल ठेवणार नाही. म्हणजे नवऱ्यामुलाच्या आंघोळीला उंबराचं पाणी आणायला बायका नाहीत आणि मांडव घालायला हात नाहीत. मेलरॉय बिचारा बँडवाल्याला काय सांगू म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसतो.

मी तपास घरातूनच सुरू केला. पहिला संशय थेरेसावर. बायको असली तरी ती कळंबची, आपल्या क्रुसाचा तिला धाक नाही, आणि बाजारातून भेंडी जरा जास्तच आणते. आडून विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला ती पानात चालत नाही, विधानसभेत पाठवून मी काय करू?" मग धाकटा एल्रॉय. त्याचं पहिलंच मत. "डॅडी, मतदान सीक्रेट असतं, नागरिकशास्त्रात तुम्हीच शिकवलंत ना?" (शिकवलं खरं. वाईट केलं.) काळूरामला हटकलं, तर तो उलट माझ्याकडेच रोखून बघत म्हणाला, "आमच्या घरातलं नाय. पन मास्तर, तुमाला येवडी घाई कशाची?" तेव्हापासून मला वाटतं, ह्याला काहीतरी माहीत आहे.

बाय, रागावू नकोस, पण तुझं नावही अजून आपल्याच मतदारयादीत आहे. मतदानाला आलीस तेव्हा शाळेच्या फाटकात फोटो बघून म्हणाली होतीस, "हा भेंडीवाला कोण रे? दिसायला बरा आहे." हसत म्हणालीस, मान्य. पण हसत म्हटलेलंही मी रोजनिशीत लिहून ठेवतो.

भावोजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझा भाऊ,
बावतीस

ता. क. : तू खोटं बोलावंस असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त प्लासिडकाकांचा फोन आला तर "असेल काका, बोट चुकलं असेल" एवढं म्हण. बाहेर दिलेल्या मुलीचं गाव फार मनाला लावून घेत नाही, आणि तुझ्या मांडवात जेवून त्यांना वीस वर्षं झाली, ते काही परत घेता येत नाही. लग्नात काका दोन शब्द सुनावतील, तेव्हा मान खाली घाल. बँड वाजला की सगळे विसरतील.

ता. क. दुसरा : तुझ्यावर अन्याय नको म्हणून हेही लिहितो. हल्ली मला जवळचं नीट दिसत नाही. बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी आली, तिच्यावर काहीतरी लांबट होतं. बॅटही लांबटच असते, असं मनाशी म्हणून मी बाहेर आलो. आता सारखं मनात येतं, वरच्या टोकाला होती ती मूठ की देठ? थेरेसाला हे बोललेलो नाही.

(त्याच रात्री, रोजनिशीत) उद्याचं काम : चष्म्याच्या दुकानात सांगून येणे, चष्मा तयार असला तरी लग्न उरकेपर्यंत न्यायला येणार नाही.